शुक्रवारचा निकाल

मालेगावातले यंत्रमाग शुक्रवारी थांबतात. बहुतेक गावांची साप्ताहिक सुट्टी रविवारी, मालेगावची जुम्म्याला. हिंदी चित्रपट प्रदर्शित होतात तेही शुक्रवारीच. या दोन रिवाजांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही, पण ते एका दिवशी आले आणि सिनेमाच्या बाबतीत या गावाच्या हातात एक वेगळाच अधिकार आला. मुंबईच्या वर्तमानपत्रांतली परीक्षणं बहुधा रविवारच्या अंकात यायची. तोवर मालेगावात खेळ सुटलेले असायचे, चहाच्या हॉटेलांत वाद घालून झालेले असायचे, आणि शनिवारी माग पुन्हा सुरू होताना पिक्चर चालणार की पडणार याचा निकाल लागलेला असायचा. लोक समीक्षकाचं ऐकतात की शेजाऱ्याचं, हा प्रश्न सिनेमाइतकाच जुना आहे. त्याचं उत्तर शोधायला मालेगावइतकं चांगलं ठिकाण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

गावाची घडणच तशी आहे. १८५७च्या उठावानंतरच्या काळात उत्तर हिंदुस्थानातून आलेली मोमीन विणकरांची कुटुंबं मोसम नदीकाठी स्थिरावली. हातमागावर लुगडी विणली जात होती. विसाव्या शतकात विजेवरचे माग आले, आणि त्यांची संख्या वाढत वाढत लाखाच्या वर गेली. २०११च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या चार लाख सत्तर हजारांच्या पुढे होती. बारा-बारा तासांच्या पाळ्या, आणि मागांचा खडखडाट असा की शेजारच्या माणसाला काही सांगायचं तर तोंड त्याच्या कानाशी न्यावं लागतं. जो कापड विणतो त्याला मीटरवर मजुरी मिळते. अशा मजुरीतून सिनेमाच्या तिकिटाचे पैसे वेगळे काढणारा माणूस तीन तासांचा हिशेब फार चोख मागतो. 'पैसा वसूल' हे त्याच्या तोंडी चेष्टेने येत नाही. तो खरोखरच वसुलीबद्दल बोलत असतो.

भाषेचाही भाग होताच. नदीच्या एका अंगाला उर्दू बोलणारं, उर्दू वाचणारं गाव. दुसऱ्या अंगाला मराठी वस्ती आणि कॅम्प. आणि भोवती कसमादेचा, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव, देवळ्याचा शेतकरी मुलूख, जिथे घरात अहिराणी ऐकू येते. मुंबईच्या नामवंत समीक्षकांचं बरंचसं लेखन इंग्रजीत. पडद्यावर मात्र हिंदुस्थानी बोलली जायची, जी मागावरच्या माणसाची स्वतःची होती. ज्याची भाषा पडद्यावर बोलली जाते त्याला तिच्याबद्दलचा निवाडा परक्या भाषेतून उसना आणायची गरज वाटली नाही. दिल्लीहून निघणारं 'शमा' हे उर्दू मासिक १९३९ पासून अशा वाचकांसाठी कथा, गझला आणि सिनेमाच्या बातम्या एकत्र देत असे. नटनट्यांची खबर लोक तिथे शोधायचे, पिक्चर पाहायचं की नाही हे मात्र गल्लीत ठरायचं.

छापील समीक्षेचा इतिहास या जिल्ह्यापासून दूरचा आहे असंही नाही. दादासाहेब फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मले. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लोकांसमोर आला. त्याआधी २१ एप्रिलला ऑलिम्पिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला होता आणि त्यात पत्रकारही होते. म्हणजे भारतीय चित्रपट सामान्य प्रेक्षकाच्या आधी जाणत्यांना दाखवण्याची चाल पहिल्याच चित्रपटापासूनची. पुढे फाळक्यांनी आपला कारखाना नाशिकला हलवला. १९१७ साली त्यांनी 'नवयुग' मासिकात भारतीय चित्रपटांवर लेख लिहिले, म्हणजे मराठीत सिनेमावर गांभीर्याने लिहिणाऱ्या पहिल्या काही माणसांत स्वतः निर्माताच होता.

पण समीक्षकाला सत्ता मिळवून दिली ती बाबूराव पटेल यांनी. १९३५ साली त्यांनी मुंबईत 'फिल्मइंडिया' सुरू केलं आणि बघता बघता त्या मासिकाच्या एका परिच्छेदाची धास्ती स्टुडिओंना वाटू लागली. इंग्रजीत लिहिणारा हा मराठी माणूस वाक्यावाक्यात चाबूक ओढायचा. वाचकांच्या पत्रांना त्यांनी दिलेली उत्तरं लोक परीक्षणांच्याही आधी काढून वाचत. लिखाणाने संतापलेल्या अभिनेत्री शांता आपटे छडी घेऊन त्यांच्या कार्यालयात शिरल्या, हा प्रसंग चित्रपटसृष्टीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितला गेला. लोक त्यांच्यावर विश्वास ठेवत ते एका साध्या कारणासाठी: हा माणूस कोणाचीही भीड धरत नाही असं दिसायचं. नावं घेऊन झोडपणारा लेखक विकला गेला नसणार, असं वाचक धरून चालतो.

तरी त्यांच्या सत्तेला मर्यादा होती, आणि ती १९४३ साली उघड झाली. अशोककुमारचा 'किस्मत' आला. नायक पाकीटमार, आणि प्रेक्षकाची सगळी सहानुभूती त्याच्याच बाजूने. 'फिल्मइंडिया'ने गुन्हेगारीला मोहक रूप दिल्याबद्दल चित्रपटावर कोरडे ओढले. कोलकात्याच्या रॉक्सी थिएटरात तो तीन वर्षांहून अधिक काळ चालला. पटेलांचे वाचक त्यांना सोडून गेले नाहीत. त्यांनी मासिक आवडीने वाचलं आणि 'किस्मत'ही पुन्हापुन्हा पाहिला. वाचक समीक्षकाच्या प्रामाणिकपणावर भरवसा ठेवतो, तिकीट काढताना मात्र स्वतःच्या आवडीवर. हा फरक त्या काळच्या संपादकांना जितका कळला तितकाच आजही कळतो, म्हणजे फार थोडा. पटेलांनी स्वतः 'द्रौपदी' आणि 'ग्वालन' हे चित्रपट केले तेव्हा प्रेक्षकाने त्यांनाही त्याच मापाने मोजलं. दोन्ही चालले नाहीत.

मराठी वाचकाजवळ अधिक आपलेपणाने पोचलं ते नाशिकचं 'रसरंग'. 'गावकरी'च्या पोतनीसांच्या घरातून निघणारं हे साप्ताहिक सलूनपासून एसटी स्टँडवरच्या स्टॉलपर्यंत दिसायचं. मुंबईचा चित्रपटव्यवसाय नाशिकहून पाहायचा, ही त्याची जागाच मोलाची होती. इसाक मुजावर यांच्यासारखा मूळ कोल्हापूरचा, सिनेमाचा चालताबोलता कोश असलेला माणूस तिथे दीर्घकाळ लिहीत होता. त्यांच्या लिखाणात निवाड्यापेक्षा माहिती जास्त असायची: कोणी काय केलं, कुठल्या वर्षी, कोणाबरोबर. वाचकाला न्यायाधीश नको होता, जाणकार सोबती हवा होता, आणि तो इथे मिळाला. १९६८ साली सुधीर नांदगावकर, दिनकर गांगल आदींनी मुंबईत प्रभात चित्र मंडळ स्थापन केलं आणि जगभरचा सिनेमा पाहून मराठीत त्याबद्दल लिहिणाऱ्यांची एक पिढी तयार झाली. ती कामगिरी मोठी आहे. पण त्याच काळात, १९७१ साली, दादा कोंडके 'सोंगाड्या' घेऊन आले. शिष्ट परीक्षणांनी नाकं मुरडली, आणि कोंडक्यांचे लागोपाठ नऊ चित्रपट रौप्यमहोत्सवी झाले. गिनेस बुकात त्याची नोंद झाली. तमाशाच्या कनातीत वाढलेल्या प्रेक्षकाला त्या संवादांतली मर्मं समजावून सांगायला कोणी लागत नव्हतं. समीक्षेने मात्र त्या हसण्याचा अभ्यास करायला फार उशीर केला, आणि मराठी सिनेमाचं त्यात नुकसान झालं.

मालेगावच्या गोष्टीतला निर्णायक चित्रपट कोंडक्यांचा नव्हे, 'शोले'. तो १५ ऑगस्ट १९७५ रोजी लागला, आणि तो दिवसही शुक्रवारच होता. सुरुवातीची परीक्षणं थंड होती, काही तर कडवट. 'फिल्मफेअर'मध्ये बिक्रम सिंग यांचा मुख्य आक्षेप असा होता की पाश्चात्त्य काउबॉयपटाचं कलम भारतीय मातीवर बांधायचा प्रयत्न झाला आहे आणि ते जगलेलं नाही. व्यवसायातले जाणतेही पहिल्या आठवड्यात चित्रपट पडला असं बोलू लागले होते. वरळीच्या गीता थिएटरच्या मालकाने मात्र दिग्दर्शक रमेश सिप्पींना वेगळीच खूण दाखवली. उपाहारगृहात थंड पेयांची आणि आइस्क्रीमची विक्री घटली होती, कारण प्रेक्षक मध्यंतरातही भारावल्यासारखा बसून राहत होता. अनुपमा चोप्रांनी 'शोले'वरच्या आपल्या पुस्तकात हा प्रसंग नोंदवला आहे. कितीही शब्द खर्चले तरी परीक्षणाला जे दिसलं नव्हतं ते एका थिएटरवाल्याने न विकल्या गेलेल्या बाटल्यांवरून ओळखलं. मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरात 'शोले' पाच वर्षं मुक्काम ठोकून राहिला. त्या वर्षीचा फिल्मफेअरचा एकच पुरस्कार त्याला मिळाला, संकलनाचा, आणि तो घेणारे एम. एस. शिंदे हे मराठी संकलक. चित्रित झालेल्या सुमारे तीन लाख फूट फिल्ममधून त्यांनी तो चित्रपट कापून काढला होता.

कापणं हाही एक निवाडाच असतो. मालेगावात तो एका व्हिडिओ पार्लरवाल्याने हाती घेतला.

१९८२च्या आशियाई खेळांच्या सुमारास देशात रंगीत टीव्ही आणि पाठोपाठ व्हीसीआर पसरला. गावोगावी व्हिडिओ पार्लरं निघाली: एक खोली, एक टीव्ही, बाकडी किंवा सतरंजी, आणि थिएटरपेक्षा कितीतरी स्वस्त तिकीट. नासिर शेख यांचं मालेगावातलं पार्लर असंच. तिथे चार्ली चॅप्लिन लागायचा, ब्रूस ली लागायचा. पार्लरवाला अंधाऱ्या खोलीत प्रेक्षकांपासून हातभर अंतरावर बसलेला असतो. लोक कुठे हसतात, कुठे चुळबुळ करतात, कोणत्या प्रसंगाला उठून बाहेर जातात, हे त्याला रोज दिसतं. नासिरनी दोन व्हीसीआर एकमेकांना जोडून एका कॅसेटवरची हवी ती दृश्यं दुसरीवर उतरवायचा सराव केला, आणि संकलन त्यातून शिकले. लेखी समीक्षक लिहितो की मध्यंतरानंतर चित्रपट रेंगाळतो. नासिर तो रेंगाळलेला भाग प्रेक्षकासमोर येऊच देत नसत. पुढच्या खेळाला लगेच कळायचं की कात्री बरोबर चालली की नाही. समीक्षेची इतकी जलद आणि इतकी जबाबदार पद्धत मुंबईच्या कोणत्याही संपादकाजवळ नव्हती.

मग २००० साली नासिर यांचा 'मालेगाव के शोले' आला. लग्नाच्या चित्रीकरणाला वापरतात तसल्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर, पन्नास हजारांच्या आसपास खर्चात, गावातल्याच माणसांना घेऊन. डाकू घोड्यांवरून नाही, सायकलींवरून येतात. ठाकूर, गब्बर, बसंती सगळे आहेत, पण बोलतात ते मालेगावच्या ढंगात आणि भांडतात ते मालेगावच्या प्रश्नांवरून. लोक नासिरच्या पार्लरपुढे रांगा लावून हसले, आणि हसताना 'शोले' अधिक बारकाईने पाहू लागले. पाश्चात्त्य कलम इथल्या मातीत जगलं नाही, असं १९७५च्या परीक्षणाचं म्हणणं होतं. पंचवीस वर्षांनी मालेगावच्या पोरांनी त्या कलमाला सायकल, गल्ली आणि आपली बोली दिली. विडंबन करायला मूळ कृती तोंडपाठ लागते. कोणता क्षण मोडला तर लोक हसतील हे ठरवताना कोणता क्षण लोकांच्या मनात पक्का बसला आहे ते आधी ओळखावं लागतं. या अर्थाने 'मालेगाव के शोले' हे 'शोले'चं या गावाने लिहिलेलं परीक्षण आहे, आणि ते १९७५च्या बहुतेक छापील परीक्षणांपेक्षा अचूक आहे.

समीक्षक दिग्दर्शक होतात याची उदाहरणं आहेत. 'बॉम्बे क्रॉनिकल'मध्ये चित्रपटांवर लिहिणाऱ्या ख्वाजा अहमद अब्बास यांनी 'नया संसार'ची कथा लिहिली आणि पुढे स्वतः चित्रपट केले. 'टाइम्स ऑफ इंडिया'मध्ये परीक्षणं लिहिणाऱ्या खालिद मोहमद यांचा 'फिजा' 'मालेगाव के शोले'च्याच वर्षी आला. मालेगावात मधली पायरीच नव्हती. प्रेक्षक उठला आणि दिग्दर्शक झाला.

फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात या मंडळींचं पुढचं पाऊल, 'मालेगाव का सुपरमॅन', आकार घेताना दिसतं. शफीक हा यंत्रमागावर काम करणारा किडकिडीत तरुण सुपरमॅन झाला आहे, लाल चड्डीची नाडी पुढे लोंबते आहे. क्रेन नाही, तर बैलगाडीच्या एका टोकाला कॅमेरावाला बसवायचा आणि दुसरं टोक माणसांनी खाली दाबायचं, की तो हळूहळू वर जातो. ट्रॉलीचं काम सायकल करते. पडद्यावर उडण्यासाठी हिरवं कापड ताणलेलं असतं. शूटिंगच्या मध्येच कॅमेरा पाण्यात पडतो, आणि मध्येच शफीकचं लग्नही लागतं. हा सुपरमॅन लढतो तंबाखूविरुद्ध, गुटख्याविरुद्ध, गावातल्या घाणीविरुद्ध. लेखक फरोग जाफरी एका जागी मुंबईच्या सिनेमाबद्दल आणि आपल्या धडपडीबद्दल बोलतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते पाहून या गावाची थट्टा करायचं कोणाला सुचणार नाही. शफीक पुढे तरुण वयातच कर्करोगाने गेला.

२००६ आणि २००८च्या बॉम्बस्फोटांमुळे देशभरच्या वर्तमानपत्रांत मालेगावचं नाव पहिल्या पानावर आलं होतं आणि तिथेच अडकून पडलं होतं. माहितीपट परदेशातल्या महोत्सवांत फिरला, २०१२च्या जूनमध्ये भारतातल्या मोजक्या थिएटरांत लागला, आणि समीक्षकांनी त्याच्यावर भरभरून लिहिलं. इथे समीक्षकांनी खरं काम केलं हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. मालेगावला स्वतःच्या चित्रपटांबद्दल कोणी सांगायची गरज नव्हती. गावाबाहेरच्या वाचकाला होती.

मालेगावच्या निकालालाही एक मोठी उणीव आहे. तो पुरुषांचा निकाल आहे. गावातल्या बायका त्या चित्रपटांत काम करत नसत. नायिका बाहेरगावाहून आणावी लागे. पार्लरमधल्या सतरंजीवर पुरुष आणि पोरंच बसायची. घरातल्या व्हीसीआरवर आणि नंतर केबलवर बायकांनी सिनेमा भरपूर पाहिला असेल, पण चहाच्या हॉटेलात जो वाद झाला त्यात त्यांचा आवाज नव्हता. प्रेक्षकाचा कौल म्हणजे गावाचा कौल, असं म्हणताना अर्धं गाव मोजायचं राहून जातं, आणि ही गोष्ट इथल्या सिनेमावेडाच्या कौतुकात नेहमी दडून राहते.

दुसरी उणीव १२ नोव्हेंबर २०२३च्या रात्री सगळ्या देशाने पाहिली. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सलमान खानचा 'टायगर ३' लागला. मालेगावच्या मोहन थिएटरात खेळ चालू असताना प्रेक्षकांनी आतमध्ये फटाके आणि रॉकेट उडवले. लोक खुर्च्यांमधून वाट काढत पळाले. पोलिसांनी गुन्हा नोंदवला आणि स्वतः सलमान खानला, हे धोकादायक आहे, असं जाहीरपणे सांगावं लागलं. हे निवाडा देणाऱ्या प्रेक्षकाचं वागणं नव्हतं. नटाचं नाव पाहून निकाल आधीच ठरवून आलेल्या गर्दीचं होतं. पार्लरमधला माणूस चित्रपट आवडला नाही तर उठून जायचा, आणि त्याच्या उठून जाण्यालाच किंमत होती. ज्या गर्दीत कोणी उठूनच जात नाही तिच्या टाळ्यांवरून काय ओळखायचं?

आज थिएटरच्या दारात मोबाइल धरून उभी असलेली पोरं पहिल्या खेळातून बाहेर पडणाऱ्याला विचारतात, कैसी लगी? तमिळ निर्मात्यांना या प्रकाराची एवढी धास्ती वाटली की 'कंगुवा'सारखे मोठे चित्रपट आपटल्यावर, २०२४च्या नोव्हेंबरमध्ये, त्यांच्या संघटनेने यूट्यूबवाल्यांना थिएटरच्या आवारात येऊ देऊ नका अशी मागणी केली. फिल्मइंडियाच्या काळात निर्माता एका संपादकाला घाबरायचा, आता तो दाराबाहेर उभ्या राहिलेल्या कोणालाही घाबरतो. पण त्या दारातल्या मतावर भरवसा किती ठेवायचा याची मालेगावकडे जुनी कसोटी होती. बोलणाऱ्याने तिकीट स्वतःच्या मजुरीतून काढलेलं असायचं, आणि त्याचं मत चुकलं तर शनिवारी सकाळी तो शेजारच्या मागावर सापडायचा. मोबाइलसमोर बोलणारा माणूस पुन्हा भेटत नाही. त्याचं तिकीट कोणी काढलं हेही कळत नाही.

रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' टोरोंटोच्या महोत्सवात दाखवला गेला आणि २८ फेब्रुवारी २०२५ रोजी, शुक्रवारीच, देशभर लागला. वरुण ग्रोव्हर यांचं लेखन. नासिरच्या भूमिकेत आदर्श गौरव, लेखकाच्या भूमिकेत विनीतकुमार सिंग, शफीकच्या भूमिकेत शशांक अरोरा. समीक्षकांनी जवळजवळ एकमुखाने वाखाणला. तिकीट खिडकीवर मात्र गर्दी जमली नाही, आणि बहुतेकांनी तो पुढे घरी बसून प्राइम व्हिडिओवर पाहिला. एका लूम कामगाराचा सुपरमॅन होतो ही कथा मोठ्या पडद्यावर पाहण्यासारखी होती, आणि या वेळी परीक्षणं बरोबर होती.

या सगळ्या इतिहासाचा छापील अर्धा भाग सुखरूप आहे. 'फिल्मइंडिया'चे अंक आता संगणकावर पानंपानं उलटून वाचता येतात. १९६४ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात फिल्मच्या रिळांबरोबर पोस्टरं, पुस्तिका, मासिकंही जपली जातात. मालेगावचा अर्धा भाग व्हीएचएस फितींवर आणि माणसांच्या आठवणीत आहे. फितीवरचा चुंबकीय थर पंधरा-वीस वर्षांत झडू लागतो, दमट कपाटात बुरशी धरते. नव्वदच्या दशकात पार्लर चालवणारे, थिएटरच्या दारात तिकीट फाडणारे, तंबाखूचा बार भरत मागावर सबंध पिक्चरचे संवाद म्हणून दाखवणारे आज साठीच्या आसपास आहेत. त्यांच्याकडे जाऊन कोणता पिक्चर किती दिवस टिकला, लोक कुठे उठले, कोणाच्या सांगण्यावरून परत आले, हे उर्दूत, अहिराणीत, जसं येईल तसं ध्वनिमुद्रित करून ठेवायचं काम नाशिक जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयाला एका उन्हाळी सुट्टीत सुरू करता येईल. जायचं तेवढं शुक्रवारी, कारण बाकीचे सहा दिवस मागांच्या आवाजात मुलाखत ऐकूच येणार नाही.